चढावरचं रक्त

अन्नाचा साठा आपल्या अंगात काही आठवडे पुरेल एवढा असतो. पाण्यावाचून माणूस दोन-तीन दिवस काढतो. प्राणवायू शिल्लक ठेवण्याची सोय मात्र शरीरात जवळजवळ नाहीच. फुप्फुसांत असलेली हवा, रक्तातला वाटा, स्नायूंतला थोडासा, असं सगळं मिळून दीड लिटरच्या आसपास भरेल. निवांत बसलेल्या माणसाला मिनिटाला पाव लिटर लागतो. म्हणजे हा साठा काही मिनिटांचा. उठून पळायला लागलं आणि पळणारा कसलेला असला, तर मागणी मिनिटाला चार-साडेचार लिटरवर जाते आणि तोच साठा वीस सेकंदांत संपावा. तरीही पळणारे पळतात, तासन्‌तास पळतात. पळणं साठ्यावर चालतच नाही, ते वाहतुकीवर चालतं, आणि ती वाहतूक रक्त करतं. रक्त प्राणवायू उचलतं कसं, हे शाळेत आपण सगळ्यांनीच शिकलेलं असतं. ते तो सोडतं कसं, कुठे सोडतं, कुणासाठी सोडतं, याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मला त्या सोडण्याचीच भूल पडली आहे.

६ ऑगस्ट २०२२ ची बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली तीन हजार मीटर स्टीपलचेसची शर्यत मी किती वेळा पाहिली असेल, सांगता येणार नाही. अठ्ठावीस अडथळे, सात पाण्याच्या उड्या. १९९८ पासूनच्या प्रत्येक राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियानं नेलेली. आणि त्या तीन केनियन धावपटूंच्या घोळक्यात बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याचा, मांडव्याचा अविनाश साबळे. शेवटच्या सरळ पट्ट्यात तो अब्राहम किबिवोटच्या खांद्याला खांदा लावून आला. किबिवोट ८ मिनिटं ११.१५ सेकंद, साबळे ८ मिनिटं ११.२० सेकंद. सेकंदाचा विसावा हिस्सा कमी पडला आणि रुपेरी पदक आष्टीला आलं. दुष्काळानं ज्या तालुक्याची ओळख करून दिली, तिथल्या एका शेतकऱ्याच्या मुलानं पठारांवर वाढलेल्या केनियन धावपटूंना शेवटच्या पावलापर्यंत झुंजवलं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

त्या आठ मिनिटांत अशा धावपटूच्या अंगात काय चाललेलं असतं? बसलेल्या माणसाचं हृदय मिनिटाला पाच लिटर रक्त पुढे ढकलतं. अंगातलं रक्तही साधारण तेवढंच, म्हणजे सगळं रक्त मिनिटातून एकदा फिरून येतं. कसलेल्या धावपटूचं हृदय ऐन जोरात पंचवीस-तीस लिटर ढकलतं. तेच रक्त दहा-बारा सेकंदांत फेरी पुरी करतं. हे पाच-सहा पट झालं. पण प्राणवायूची मागणी वाढलेली असते सोळा-अठरा पट. मधली तूट भरून कोण काढतं? हृदय नाही, आणि फुप्फुसंही नाहीत, कारण रक्त तिथून आधीच जवळजवळ भरून निघालेलं असतं. त्यात आणखी भरायला जागाच नसते. ती तूट भरून काढतं रक्ताचं सोडणं. बसलेल्या माणसाच्या धमनीतून गेलेल्या प्राणवायूपैकी चौथा हिस्सा अंगाला लागतो आणि तीन हिस्से शिरांतून तसेच परत येतात. जोरात पळणाऱ्याचे स्नायू मात्र चारांतले तीन हिस्से, कधी त्याहूनही जास्त, काढून घेतात. पावलं दिसतात, हृदयाचा ठोकाही कुणाला मोजता येईल; हे देणं मात्र बाहेरून कुणाला दिसत नाही.

नुसत्या पाण्याला हे जमलं नसतं. रक्तातल्या पातळ भागात, म्हणजे प्लाझ्मात, प्राणवायू विरघळतो तो लिटरमागे तीन मिलिलिटर. त्याच्याच भरवशावर राहायचं तर बसल्या जागी हृदयाला मिनिटाला ऐंशीहून जास्त लिटर रक्त ढकलावं लागलं असतं. हिमोग्लोबिन आलं आणि तेच रक्त लिटरमागे दोनशे मिलिलिटर वाहू लागलं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत चार साखळ्या, प्रत्येकीच्या खोबणीत लोहाचा एक अणू, आणि त्या प्रत्येक अणूवर प्राणवायूचा एक रेणू बसतो. लोह आणि प्राणवायू उघड्यावर भेटले की गंज चढतो आणि ते नातं कायमचं होतं. इथे प्रथिनाच्या खोबणीनं लोहाला असं वेढून घेतलेलं असतं की प्राणवायू येऊन बसतो आणि वेळ आली की उठून जातो. लोह गंजत नाही. आपल्या सबंध अंगात लोह असतं साडेतीन-चार ग्रॅम, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश याच कामाला जुंपलेलं असतं.

हे हिमोग्लोबिन ज्या तांबड्या पेशीत भरलेलं असतं, तिच्याविषयी मला नेहमीच आदर वाटत आला आहे. अस्थिमज्जेत तयार होताना ती आपलं केंद्रक टाकून देते. पेशीतली जी इंद्रियं प्राणवायू जाळून शक्ती निर्माण करतात, तीही टाकून देते. उरते ती हिमोग्लोबिननं गच्च भरलेली, मधे खोलगट अशी चकती. तिला स्वतःला जगायला लागणारी शक्ती ती साखरेपासून प्राणवायूशिवायच काढते. एकशेवीस दिवसांच्या आयुष्यात जे वाहायचं, त्यातला कणही ती स्वतःसाठी वापरत नाही. स्वतःहून अरुंद अशा केशवाहिन्यांतून अंग दुमडून ती शिरते, पलीकडे गेली की पुन्हा गोल होते. निसर्गात हेतू शोधू नयेत असं मला शिकवलं गेलं आणि ते मला पटतंही. तरी ही रचना वाचताना मन भरून येतं, ते मी आवरत नाही.

आता खरं कोडं. जो पदार्थ प्राणवायूला घट्ट धरतो, तो फुप्फुसांत उत्तम भरेल, पण स्नायूंजवळ गेल्यावर सोडणार नाही. जो सैल धरतो, तो सोडेल सहज, पण मुळात भरणारच नाही. एकाच रेणूला दोन्ही कशी साधावीत? उत्तर आहे चार साखळ्यांच्या आपसातल्या नात्यात. पहिला प्राणवायू बसायला अवघड जातं. तो बसला की रेणूचं रूप किंचित पालटतं आणि दुसऱ्याला, तिसऱ्याला, चौथ्याला जागा सोपी होत जाते. निघतानाही तसंच: एक निघाला की बाकीच्यांची पकड ढिली होते. म्हणून आलेख काढला तर तो सरळ रेषेत चढत नाही. मधे उभा चढतो आणि वर पठारासारखा सपाट होतो.

त्या सपाटीचा अर्थ मला सिंहगडावर कळला. आतकरवाडीकडून चढून वर गेलं की समुद्रसपाटीपासून तेराशे मीटरच्या आसपास आपण उभे असतो. फुप्फुसांतल्या हवेत प्राणवायूचा दाब समुद्रकाठी पाऱ्याचे शंभर मिलिमीटर धरला तर इथे तो ऐंशीच्या घरात उतरलेला असतो. विसाची घट ही थोडी नव्हे. पण रक्तावर तिचा परिणाम होतो तो दोन-तीन टक्क्यांचा. आपण पठाराच्या सपाटीवर असतो, घसरत नाही. तीच विसाची घट खाली, स्नायूंत होऊ द्या. दाब चाळीस असतो तेव्हा हिमोग्लोबिन पाऊण भरलेलं असतं. तो विसावर आला की एक तृतीयांशच भरलेलं उरतं. वर घट झाली तर हिमोग्लोबिन सांभाळून धरतं, खाली घट झाली तर हात मोकळा सोडतं.

एवढ्यावरही भागत नाही. गोष्ट १९०४ ची, कोपनहेगनची. ख्रिश्चन बोर हा तिथल्या विद्यापीठातला शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. पुढे अणूची रचना सांगणाऱ्या नील्स बोरचा बाप. कार्ल हासेलबाल्क आणि ऑगस्ट क्रोग या दोन तरुण सहकाऱ्यांबरोबर त्यानं कुत्र्याच्या रक्तावर प्रयोग केले. रक्तावरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवत गेलं की तेच रक्त, प्राणवायूचा दाब तोच असताना, कमी प्राणवायू धरून ठेवतं असं त्यांना आढळलं. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे हा परिणाम प्राणवायू कमी असतो तिथे मोठा दिसतो. फुप्फुसांतल्यासारखा भरपूर असतो तिथे जेमतेम. म्हणजे कार्बन डायऑक्साइड भरताना आड येत नाही, सोडताना मदत करतो. आज याला बोर परिणाम म्हणतात.

स्नायू काम करतो तेव्हा तीन गोष्टी निर्माण होतात: कार्बन डायऑक्साइड, आम्लता आणि उष्णता. रक्ताची आम्लता पीएच या आकड्यानं मोजतात, तो जितका कमी तितकी आम्लता जास्त; विश्रांतीत तो ७.४ असतो, अंग मोडून पळणाऱ्याच्या रक्तात ७.१ च्या जवळ उतरतो, खुद्द स्नायूत त्याच्याही खाली. पळणाऱ्या मांडीचं तापमान ३९-४० अंशांवर जातं. या तिन्ही गोष्टी आपण थकव्याच्या खुणा समजतो, आणि त्या आहेतही. पण याच तिघी हिमोग्लोबिनची पकड सैल करतात. जो स्नायू सर्वांत जास्त राबला, जास्त तापला, जास्त आंबला, त्याच्यापाशीच रक्त सर्वांत जास्त देतं. शेजारचा निवांत स्नायू त्याच रक्ताच्या वाटेवर असला, तरी त्याला तेवढं मिळत नाही, कारण त्याला तेवढं नको असतं. मागणी मेंदूपर्यंत जाऊन हुकूम होऊन परत येत नाही. श्रम हीच मागणी असते. एवढा न्याय्य वाटपाचा नियम मी माणसांच्या कुठल्याही व्यवस्थेत पाहिलेला नाही.

बोरचं एक मोठं मत पुढे टिकलं नाही, तेही सांगायला हवं. फुप्फुसं प्राणवायू रक्तात स्वतः जोर लावून ढकलतात, असं तो मानत असे. त्याचाच शिष्य ऑगस्ट क्रोग आणि क्रोगची पत्नी मारी, स्वतः डॉक्टर आणि संशोधक, या दोघांनी १९१० मध्ये काटेकोर मोजमापांनी दाखवलं की प्राणवायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपसूक जातो, ढकलावा लागत नाही. गुरूचा सिद्धांत मोडताना क्रोगला अवघड वाटलं असेलच. पण विज्ञानात गुरूचं देणं असंच फेडलं जातं असं मला वाटतं. क्रोगनं पुढे काम करणाऱ्या स्नायूंतल्या केशवाहिन्यांचा अभ्यास केला आणि त्यासाठी त्याला १९२० चं नोबेल मिळालं.

कारण हिमोग्लोबिननं सोडायचं ठरवलं तरी रक्त तिथे पोचायला हवं ना. आमच्याकडे रात्री वीज आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. एका सरीचं दार उघडायचं, ती भरली की मातीनं बंद करायचं, पुढचं उघडायचं. पाणी तेवढंच, ते तहान असेल तिकडे वळवायचं. अंगात नेमकं हेच चालतं, फक्त बांधावर उभा राहून दारं धरणारा कुणी नसतो. कोरडी पडलेली सरी आपलं दार आपणच उघडते. राबणाऱ्या स्नायूंतून सुटलेली रसायनं तिथल्या बारीक धमन्यांना सैल करतात. आतडी, मूत्रपिंडं यांच्याकडचा ओघ त्या वेळी आखडता घेतला जातो. विश्रांतीत सबंध रक्ताच्या पाचव्या हिश्शाहून कमी ओघ स्नायूंकडे असतो. पूर्ण जोरात पळताना पाचांतले चार हिस्से तिकडे जातात.

रेणूच्या आत हे सोडणं घडतं कसं, ते समजायला आणखी अर्धं शतक जावं लागलं. १९३८ च्या सुमारास प्रागमधल्या फेलिक्स हाउरोविट्झनं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनचे जांभळट षट्कोनी स्फटिक काचेच्या कडेनं हवा शिरू लागताच नाहीसे होतात आणि त्यांच्या जागी लालभडक सुया उगवतात. रेणू प्राणवायू घेताना रूप बदलतो, हे तिथे डोळ्यांनी दिसलं. व्हिएन्नाहून केंब्रिजला आलेला माक्स पेरुट्झ १९३७ पासून याच रेणूच्या मागे लागला होता. त्याला त्याचा आराखडा हाती यायला १९५९ उजाडलं. बावीस वर्षं एका रेणूसाठी. १९६२ चं नोबेल त्याला मिळालं ते योग्यच झालं, पण मला त्याची त्यानंतरची चिकाटी अधिक मोठी वाटते. रूप कळलं, आता काम कळायला हवं, म्हणून तो पुन्हा कामाला बसला. त्यातून कळलं की या रेणूची दोन रूपं असतात, एक ताणलेलं आणि एक निवांत. निवांत रूप प्राणवायू धरून ठेवतं, ताणलेलं रूप तो सोडतं. स्नायूतली आम्लता रेणूला त्या ताणलेल्या रूपात बांधून ठेवते. लोहाचा अणू हलतो तो सेंटिमीटरच्या काही अब्जांश भागाएवढा, आणि माणूस गड चढतो.

गडाचा विषय निघालाच आहे. सिंहगड नेहमी चढणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं की पहिली दहा मिनिटं सगळ्यांत वाईट. पाय जड, छातीत जळजळ, परत फिरावंसं वाटतं. मग कुठल्याशा वळणावर श्वास लयीत येतो आणि पुढचा उभा चढही जमतो. त्यात मनोबलाचा भाग असेल, पण शरीराचा हिशेब स्पष्ट आहे. चढायला लागल्या क्षणी मागणी वाढते आणि पुरवठ्याला जुळवून घ्यायला काही मिनिटं लागतात. तोवर स्नायू आपल्यापाशी असलेल्या पुंजीवर आणि प्राणवायूशिवाय साखर तोडून काम भागवतात. दारं उघडतात, मांड्या तापतात, आंबतात, रक्ताची पकड ढिली होते, मग गाडी रुळावर येते. म्हणूनच सुरुवातीला हळू चढा असं जुने गिरिप्रेमी सांगतात, आणि पळण्याआधी अंग तापवून घ्या असं प्रशिक्षक सांगतो. आणखी एक. धाप लागते तेव्हा आपल्याला वाटतं, रक्तातला प्राणवायू संपत आला. निरोगी माणसाच्या धमनीत तो तेव्हाही जवळजवळ भरलेलाच असतो. धापेला मुख्यतः कारणीभूत असतो तो बाहेर टाकायचा कार्बन डायऑक्साइड.

भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात पट्टकादंब हंस उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे पाहुणे हिमालय ओलांडून आलेले असतात. सात हजार मीटरवरून उडताना त्यांची नोंद झालेली आहे. तिथल्या विरळ हवेत आपल्याला पाऊल उचलणंही जड जाईल, आणि हे पंख मारत असतात. त्यांच्या हिमोग्लोबिनमध्ये एवढासा बदल आहे, आणि त्यानं त्यांची पकड इतर हंसांपेक्षा घट्ट झाली आहे. घट्ट पकडीनं भरणं साधलं. सोडायला मग तापलेले पंखांचे स्नायू आणि त्यांतलं केशवाहिन्यांचं दाट जाळं आहेच. धरण्या-सोडण्याचं गणित प्रत्येक जिवानं आपापल्या वाटेप्रमाणे बसवलेलं आहे.

पण एक बदल असाही आहे की सोडण्याचंच दुखणं होतं. बोरनं प्रयोग केले त्याच १९०४ च्या डिसेंबरात, शिकागोच्या एका रुग्णालयात ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला एक तरुण दाखल झाला. त्याच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी दिसल्या. जेम्स हेरिकनं ते १९१० मध्ये प्रसिद्ध केलं. सिकलसेल हा आजार आपल्याकडे सातपुड्यात, धडगाव-अक्कलकुव्यात, मेळघाटात, गडचिरोलीत, चंद्रपुरात घरोघर माहीत आहे. हिमोग्लोबिनच्या एका प्रकारच्या साखळीत सहाव्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. प्राणवायू भरलेला असेपर्यंत हा रेणू नीट वागतो. तो सोडला की रेणूचा चिकट भाग उघडा पडतो, रेणू एकमेकांना जोडून लांब दोऱ्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकडी होते आणि बारीक वाहिन्यांत अडकते. मग हाडांत, पोटात, छातीत न सोसणाऱ्या कळा. ज्या क्षणी रक्तानं राबणाऱ्या अंगाला द्यायचं, नेमक्या त्याच क्षणी ते या मुलांना शिक्षा करतं. यापेक्षा मोठा अन्याय शरीरात मला माहीत नाही. उन्हातान्हात, पाणी न पिता, अति श्रम करू नका, असं डॉक्टर या मुलांना सांगतात ते याच कारणानं. आणि ज्यांच्या घरी मजुरीशिवाय चूल पेटत नाही, त्यांना ते सांगताना त्या डॉक्टरांचाही गळा दाटत असेल.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिथे येते.

कोविडच्या दोन वर्षांत महाराष्ट्रातल्या घराघरांत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आलं. जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलेलं ते तत्त्व. २०२० च्या एप्रिलमध्ये, त्यांच्या शोधाची जगाला सर्वांत जास्त गरज होती तेव्हा, ते वारले. त्या छोट्या यंत्रानं आपल्याकडे असंख्य जीव वाचवले. पण ते यंत्र एवढंच सांगतं की जे हिमोग्लोबिन आहे त्यातलं किती टक्के भरलेलं आहे. हिमोग्लोबिन मुळात किती आहे, ते त्याला सांगता येत नाही. हिमोग्लोबिन चौदा असलेल्या बाईच्या बोटावर ९८ दिसतं, आणि सात असलेल्या बाईच्या बोटावरही ९८च.

माझी आई जिन्याच्या मधल्या टप्प्यावर थांबायची. कठड्याला धरून उभी राहायची, दोन मिनिटांनी पुढे निघायची. विचारलं की म्हणायची, "वय झालं गं." तिचं वय तेव्हा पन्नासही नव्हतं. आमच्या डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि तिथल्या तिथे रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघालं. वर्षानुवर्षं पाळीत जास्त जाणारं रक्त, आणि सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवण. ती शांतपणे म्हणाली, "पण मला तर काही होत नव्हतं."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिलिलिटर प्राणवायू वाहतं. चौदा असलं तर शंभर मिलिलिटर रक्तात एकोणीसच्या आसपास मिलिलिटर होतो. सात असलं तर साडेनऊ. बसलेल्या माणसाला त्यातले पाच लागतात. म्हणजे निरोगी बाईकडे चढासाठी चौदा शिल्लक, माझ्या आईकडे साडेचार. बसून भाजी निवडताना दोघींत फरक दिसत नाही. फरक जिन्यावर दिसतो, पाण्याचा हंडा उचलल्यावर दिसतो, बाळंतपणात दिसतो. आणि शरीर या कमतरतेशी मुकाट्यानं जुळवून घेत राहतं. हृदय जास्त धडधडतं. तांबड्या पेशींत बीपीजी नावाचा एक पदार्थ वाढतो, जो हिमोग्लोबिनची पकड आणखी ढिली करतो, म्हणजे गरीब झालेलं रक्त आहे त्यातला अधिक मोठा हिस्सा देऊन टाकू लागतं. हे मला कळलं तेव्हा मला आईच दिसली. कमी पडत गेलं तसं ती अधिक देत गेली, आणि म्हणूनच तिचं कमी पडणं कुणाच्या लक्षात आलं नाही.

सिंहगडावर चढताना आपल्या पुढे दह्याच्या गाडग्यांची पाटी डोक्यावर घेऊन वर जाणाऱ्या बायका दिसतात. आपण बूट घालून, पाण्याची बाटली घेऊन धापा टाकत असतो. त्या चपलांत चढतात, ओझ्यासकट, आणि दिवसभर ताक विकून उतरतात. त्यांच्याकडे पाहताना मला त्यांच्या रक्ताची काळजी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. हिमोग्लोबिन बारापेक्षा कमी असलेल्या एवढ्या बायका आपल्याकडे धुणी धुतात, ऊस तोडतात, लोकलमध्ये उभ्या राहून कामावर जातात, आणि विचारलं की थकवा आहे म्हणतात. आपण तो थकवा त्यांचा स्वभाव समजतो.

माझी आई गोळ्या घ्यायला लागली. डॉक्टरांनी बजावलं होतं की गोळीबरोबर चहा नको, लिंबू किंवा आवळा चालेल. शौचाला काळं होईल, घाबरायचं नाही. आणि आकडा बरोबर आला तरी पुढे काही महिने थांबवायची नाही, कारण अंगातला लोहाचा साठाही भरायचा असतो. पाळीच्या त्रासावरही उपचार झाले. काही महिन्यांनी ती जिना न थांबता चढली. वर येऊन तिनं काहीच म्हटलं नाही, नेहमीसारखी स्वयंपाकघरात गेली. तिला स्वतःला फरक लक्षात आला नसावा. मी मात्र खाली उभी राहून पाहत होते.

वाचणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमच्या घरातली कुणी बाई, आई असो, सून असो, कामाला येणाऱ्या मावशी असोत, जिन्यावर थांबत असेल, वाकून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणत असेल, तर वय झालं, धावपळ फार होते, असं म्हणून सोडून देऊ नका. सीबीसी ही रक्ताची साधी तपासणी आहे. सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून मिळतं आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. सातपुड्यात, मेळघाटात, गडचिरोली-चंद्रपूरकडे राहत असाल, तर त्याच रक्तात सिकलसेलचीही तपासणी करून घ्या, लग्न ठरवण्याआधी तर नक्कीच. आकडा बाराखाली आला तर तो का आला हे डॉक्टरांना विचारा, नुसत्या गोळ्या घेऊन परत येऊ नका. आणि ही तपासणी याच आठवड्यात करा.